श्रवणयंत्र बसवले; पण मुलाला बोलणे कळते का?

मुलाला ऐकू कमी येते असे निदान झाले की पालकांचा पहिला प्रश्न बहुधा यंत्राबद्दलच असतो. कोणत्या कंपनीचे घ्यावे, किती किमतीचे घ्यावे, किती चॅनेलचे घ्यावे? काही महिन्यांनी दुसरा प्रश्न येतो. एवढे पैसे घातले, मशीन रोज लावतो, टाळी वाजवली की मूल वळून पाहते, मग अजून बोलत का नाही? या दोन प्रश्नांच्या मधल्या काळात जे काम व्हायला हवे, ते अनेकदा झालेलेच नसते. यंत्राचा आवाज त्या मुलाच्या कानाच्या मापाने जुळवणे, तो जुळला की नाही हे मोजणे, आणि त्यातून मुलाला बोलण्यातले नेमके काय उमगते याची चाचणी घेणे, असे ते काम आहे. त्यामुळे यंत्र चांगले की वाईट हे किमतीवरून किंवा कंपनीच्या नावावरून ठरवू नका, दोन कागदांवरून ठरवा. पहिल्या कागदावर बोलण्याचा किती आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोचतो ते दिसले पाहिजे, दुसऱ्यावर त्यातून मुलाने कोणते ध्वनी आणि शब्द ओळखले ते. हे दोन्ही हातात नसतील, तर यंत्र कितीही महाग असले तरी ते अजून पुरते बसलेले नाही असे समजा.

निदानाचे कागद पुरेसे आहेत का?

यंत्र जुळवायचे म्हणजे प्रत्येक कानाला कोणत्या वारंवारितेचा आवाज किती कमी ऐकू येतो हे आधी माहीत हवे. तान्ह्या बाळांच्या फायलीत बहुतेक वेळा दोनच तपासण्या सापडतात: ओएई, म्हणजे कानातल्या पेशींचा प्रतिसाद पाहणारी, आणि ‘क्लिक’ आवाजावर केलेली बेरा, म्हणजे मेंदूच्या लहरींवरून घेतलेली. ओएई ही चाळणी आहे. क्लिक बेरातून ढोबळमानाने २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याची कल्पना येते, खालच्या वारंवारितांबद्दल ती फारसे सांगत नाही. यंत्र जुळवण्यासाठी निदान ५०० आणि २००० हर्ट्झचे, शक्य असल्यास १००० आणि ४००० हर्ट्झचेही, दोन्ही कानांचे वेगवेगळे आकडे लागतात. ते टोन बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर या तपासणीतून मिळतात. क्लिक बेराच्या अहवालावर ‘९० डेसिबलला प्रतिसाद नाही’ असे लिहिलेले पाहून ‘मुलाला काहीच ऐकू येत नाही’ असा अर्थ पालक काढतात. तो बरोबर नाही. खालच्या वारंवारितांमध्ये ऐकण्याची शक्ती शिल्लक असू शकते, आणि तिचा उपयोग करून घ्यायचा असतो.

मधल्या कानात पाणी नाही ना, हे पाहणारी टिंपॅनोमेट्रीही फायलीत हवी. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी ती १००० हर्ट्झच्या टोनने करतात, कारण मोठ्यांसाठी वापरला जाणारा टोन इतक्या लहान कानात फसवा निकाल देऊ शकतो. मूल साधारण सहा महिन्यांचे झाले की आवाजाकडे वळल्यावर हलते खेळणे किंवा चित्र दाखवून घेतलेली चाचणी, म्हणजे व्हीआरए, करता येते. अडीच-तीन वर्षांनंतर ‘आवाज आला की ठोकळा टाक’ अशी खेळातली चाचणी जमते. मेंदूच्या लहरींवरून काढलेला अंदाज या चाचण्यांनी पक्का होत जातो, आणि तो बदलला की यंत्राची जुळवणीही बदलावी लागते. सगळे आकडे मिळेपर्यंत मात्र यंत्र अडवून ठेवू नका. हाती असलेल्या आकड्यांवर सुरुवात करायची आणि पुढे दुरुस्त करत जायचे, हीच योग्य रीत आहे.

एक प्रकार वेगळा ओळखावा लागतो. अपुऱ्या दिवसांची, जन्मानंतर तीव्र कावीळ झालेली किंवा एनआयसीयूत राहिलेली काही बाळे ओएई पास होतात, पण त्यांची बेरा येत नाही. कानातल्या पेशी काम करत असतात, पण नसेतून जाणारा संदेश विस्कळीत असतो. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. अशा मुलांच्या बेरावरून त्यांना किती ऐकू येते हे सांगता येत नाही. त्यांच्या बाबतीत वागणुकीवरून आणि बोलणे ओळखण्यावरून काय दिसते, तेच निर्णायक ठरते. म्हणून एनआयसीयूत राहिलेल्या बाळाच्या चाळणीत केवळ ओएईवर समाधान मानू नका, बेराही करून घ्या.

‘थोडे थांबून पाहू’

थांबण्याची कारणे घरोघरी ऐकू येतात. आमच्या घरात सगळे उशिराच बोलले. मूल अजून लहान आहे. मशीनची सवय लागली तर? असलेले ऐकू येणेही गेले तर?

पहिल्या दोन आक्षेपांचे उत्तर पुराव्यात आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील मुलांवरचा योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा, उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. ऑस्ट्रेलियात टेरेसा चिंग यांच्या नेतृत्वाखाली चारशेहून अधिक मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. त्यातही लवकर यंत्र बसवलेल्या मुलांची पाचव्या वर्षीची भाषा सरस निघाली, आणि दोष जितका तीव्र तितका लवकर बसवण्याचा फायदा मोठा. म्हणूनच जगभर एक-तीन-सहा हा दंडक सांगतात: एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत मदत. तुमचे मूल ही वेळ ओलांडून गेले असेल तर खचून जाऊ नका, पण आता आणखी महिने घालवू नका.

सवयीबद्दल म्हणाल तर यंत्राची सवय लागायलाच हवी, चष्म्याची लागते तशी. कान बिघडण्याची भीती मात्र निराधार नाही. मुलाच्या कानात गरजेपेक्षा मोठा आवाज सतत गेला तर अपाय होऊ शकतो. पण त्यावरचा उपाय यंत्र न लावणे हा नाही. यंत्रातून जास्तीत जास्त किती आवाज बाहेर पडेल याची मर्यादा बांधता येते आणि ती मोजताही येते. ती बांधली आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. दोन्ही कानांत दोष असेल तर दोन्ही कानांना यंत्र हवे. एकच घेऊन पाहू ही काटकसर मुलाला महागात पडते, कारण आवाजाची दिशा ओळखणे आणि गोंगाटातून बोलणे वेगळे काढणे दोन कानांमुळेच सोपे होते.

यंत्र निवडताना

मुलांसाठी कानामागे बसणारे यंत्र आणि कानात बसणारा मऊ सिलिकॉनचा मोल्ड ही जोडी घ्यावी. कानाच्या आत लपणारे यंत्र पालकांना आवडते, कारण ते दिसत नाही. पण मुलाचा कान वाढत असतो, मोल्ड वारंवार बदलावा लागतो, आणि तान्ह्या बाळाचा तर काही महिन्यांतच. सैल मोल्डमधून आवाज बाहेर गळतो आणि शिट्टी वाजते. ती थांबवण्यासाठी यंत्राचा आवाजच कमी करून दिला जातो, आणि मुलाचे नुकसान कोणाच्या लक्षातही येत नाही. शिट्टी वाजू लागली की आवाज कमी करून घेऊ नका, नवा मोल्ड मागा. खिशात ठेवायच्या जुन्या यंत्राचा मायक्रोफोन छातीवर राहतो आणि कपड्यांची खसखस थेट कानात जाते. कानामागचे यंत्र मिळत असताना असले खिशातले यंत्र स्वीकारू नका.

महागड्या यंत्रात जादा काय मिळते? बरेचदा फोनला जोडण्याची सोय, आपोआप बदलणारे प्रोग्रॅम, रिचार्जची सोय. यातले बरेचसे मोठ्या माणसांच्या सोयीचे आहे. बोलणे पडद्यापर्यंत पोचवण्याचे मूळ काम मधल्या किमतीचे डिजिटल यंत्र नीट जुळवले तर उत्तम करते. काही सुविधांना मात्र खरेच मोल आहे. मुलाला उंच वारंवारितांचे आवाज अजिबात पोचत नसतील, तर ते खालच्या पट्ट्यात आणून देणारी सोय काहींना उपयोगी पडते, पण ती चालू करण्याआधी आणि नंतर ‘स’ आणि ‘श’ ओळखण्याची चाचणी झाली पाहिजे. शाळेसाठी शिक्षकांच्या गळ्यात लावायचा मायक्रोफोन जोडता येतो का, हेही आधी विचारा. आणि बॅटरीचे झाकण मुलाला उघडता येणार नाही असे असलेच पाहिजे. बटण बॅटरी गिळली गेली तर तिने अन्ननलिका गंभीरपणे भाजू शकते. तसे झाल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा.

पहिला कागद: आवाज पोचतो किती?

येथे जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक काम याच पायरीवर राहून जाते. यंत्र संगणकाला जोडले, ऑडिओग्रॅमचे, म्हणजे ऐकण्याच्या आलेखाचे, आकडे भरले आणि ‘फर्स्ट फिट’ची कळ दाबली की कंपनीचे सॉफ्टवेअर आपल्या अंदाजाने आवाज ठरवते. अनेक ठिकाणी जुळवणी येथेच संपते. पण बाळाच्या कानाची नळी मोठ्यांपेक्षा कितीतरी लहान असते, आणि तोच आवाज लहान जागेत कोंडला गेल्यावर अधिक दाबाने पडद्यावर आदळतो. प्रत्येक मुलाचा कान वेगळा, म्हणून फरकही वेगळा. सरासरीवरचा अंदाज काही मुलांना कमी पडतो, काहींना जास्त होतो.

यावर रिअल इअर मेझरमेंट हा उपाय आहे. बारीक, मऊ नळी मोल्डच्या शेजारून कानात सरकवतात, यंत्र चालू करून समोरच्या स्पीकरवर बोलण्याचा आवाज लावतात, आणि कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचला ते संगणकावर रेषांच्या रूपात उमटते. अगदी लहान, हालचाल करणाऱ्या बाळासाठी काही मिनिटांत त्याच्या कानाचा फरक मोजून घेतात, ज्याला आरईसीडी म्हणतात, आणि उरलेली जुळवणी चाचणीपेटीत करतात. तुमच्या हाती येणाऱ्या छापील कागदावर हळू बोलणे (५५ डेसिबल), नेहमीचे बोलणे (६५) आणि मोठ्याने बोलणे (७५) अशा तीन पातळ्यांच्या रेषा, त्यांच्या शेजारी लक्ष्याच्या खुणा, आणि सर्वांत वर कमाल आवाजाची रेषा असते. तुमच्या मुलाच्या ऐकण्याच्या रेषेपेक्षा बोलण्याची रेषा वर आहे का, विशेषतः उजव्या टोकाला, २००० ते ४००० हर्ट्झच्या पुढे, हे साध्या डोळ्यांनीही दिसते. बऱ्याच यंत्रांवर बोलण्याचा किती टक्के भाग ऐकू येण्याजोगा झाला तेही छापून येते.

लक्ष्याच्या खुणा कोठून येतात? मुलांसाठी दोन सूत्रे सर्वाधिक वापरली जातात: कॅनडात विकसित झालेले डीएसएल आणि ऑस्ट्रेलियाचे एनएएल. यातले कोणते बरे यावर तज्ज्ञांमध्ये जुना वाद आहे. मगाशी सांगितलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात मुलांना यांपैकी एका सूत्रावर चिठ्ठ्या टाकून ठेवण्यात आले, तेव्हा भाषेच्या प्रगतीत दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे सूत्रावरून वाद घालण्यात तुमचा वेळ घालवू नका, लक्ष्य गाठले का एवढेच विचारा. हा प्रश्न क्षुल्लक नाही. अमेरिकेत सौम्य ते तीव्र दोषाच्या मुलांची यंत्रे तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांच्या निदान एका कानाचे यंत्र लक्ष्यापासून सरासरी ५ डेसिबलहून अधिक दूर होते. साधनसंपन्न देशात हे घडते, तर जेथे मोजणीच होत नाही तेथे काय होत असेल याचा विचार करा.

‘आम्ही फ्री फील्डमध्ये मशीन लावून ऑडिओग्रॅम काढला आहे, तो चांगला आला’ असे उत्तर तुम्हाला मिळेल. ती चाचणी निरुपयोगी नाही, मुलाला सर्वांत हळू कोणता आवाज जाणवतो ते ती दाखवते. पण नेहमीच्या पातळीवरचे बोलणे कसे पोचते, मोठा आवाज किती वर जातो, हे ती सांगू शकत नाही, शिवाय तिच्यासाठी मुलाचे सहकार्य लागते, जे सहा महिन्यांखालच्या बाळाकडून मिळत नाही. ‘आमच्याकडे ते उपकरण नाही’ हे दुसरे उत्तर. तसे असेल तर यंत्र जवळच्याच केंद्रातून घेतले तरी मोजणीसाठी एकदा मोठ्या केंद्रात जाऊन या. मुंबईत वांद्रे रिक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि ऑडिओलॉजीचे पदवी शिक्षण देणारी महाविद्यालये अन्य शहरांतही आहेत. जाण्याआधी फोन करून ‘लहान मुलांची रिअल इअर किंवा आरईसीडी मोजणी होते का’ एवढेच विचारा.

दुसरा कागद: मुलाने काय ओळखले?

आवाज पोचणे वेगळे आणि बोलणे कळणे वेगळे. ऐकण्याच्या चार पायऱ्या मानतात: आवाज आहे याची जाणीव, दोन आवाज वेगळे आहेत हे कळणे, आवाज कोणता ते ओळखणे, आणि त्याचा अर्थ लागणे. टाळीकडे वळणारे मूल पहिल्या पायरीवर असते. कुकरची शिट्टी, दार आपटणे, ढोल हे मोठे आवाज, आणि त्यांतले बरेचसे खालच्या वारंवारितांचे असल्याने तीव्र दोषाच्या मुलालाही जाणवतात. त्यावरून यंत्र उत्तम चालले आहे असे मानणे, हेच या सगळ्या गोंधळाचे मूळ आहे.

मराठी बोलणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो तो पाहा. ‘ती आली’ आणि ‘तू आलीस’ यांतला फरक शेवटच्या पुसट ‘स’मध्ये आहे. ‘आहे’ आणि ‘आहेत’ यांतले एकवचन-अनेकवचन शेवटच्या अर्ध्या ‘त’वर टेकलेले आहे. ‘स’ची बहुतेक ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते, आणि बाईच्या आवाजात ती आणखी वर सरकते. साध्या यंत्रांची पोच नेमकी त्याच भागात ओसरू लागते. ज्या मुलाला हे टोक ऐकूच येत नाही, त्याला मोठ्याने हाक मारली तर वळेल, ‘पाणी’ म्हटले तर पाणी आणेल, पण ‘तू’ आणि ‘ती’च्या क्रियापदांतला फरक त्याच्या भाषेत उतरणार नाही. मग त्याला ‘व्याकरण जमत नाही’ असा शिक्का बसतो. दोष व्याकरणाचा नसून न पोचलेल्या ध्वनीचा असतो.

म्हणून चाचणी वयाप्रमाणे आणि मुलाच्या स्वतःच्या भाषेत व्हायला हवी. दोन वर्षांखालील मुलांसाठी पालकांनी भरायच्या प्रश्नावल्या वापरतात. ‘लिटल इअर्स’मध्ये ‘हो-नाही’ उत्तरांचे ३५ प्रश्न आहेत, ‘पीच’मध्ये घरातल्या शांत आणि गोंगाटाच्या प्रसंगांची नोंद ठेवायची असते. येथे मूल पुढे आहे असे दिसावे म्हणून उत्तरे वाढवून देऊ नका, त्याने यंत्राची चुकीची जुळवणी तशीच राहते. साधारण अडीच-तीन वर्षांपासून खेळणी किंवा चित्रे मांडून शब्द ओळखायला लावतात. सुरुवातीला लांबीने वेगळे शब्द, जसे ‘फूल’ आणि ‘टेबलावरचा दिवा’. मग सारख्या लांबीचे पण वेगळ्या स्वरांचे. शेवटी फक्त एका व्यंजनाने वेगळे: पूल-फूल, तार-चार-खार, कान-पान-मान. पाच वर्षांच्या पुढे ऐकलेला शब्द उच्चारून दाखवायला सांगतात, आणि त्यानंतर हेच गोंगाटात.

मुलांच्या मराठी चाचण्या इंग्रजीच्या तुलनेत कमी आहेत, म्हणून अनेक ऑडिओलॉजिस्ट स्वतःचा चित्रसंच वापरतात. त्यात गैर काही नाही, मात्र पुढील गोष्टी पाळल्या गेल्या का ते तुम्ही पाहू शकता:

- बोलणाऱ्याचे ओठ दिसत नव्हते ना? तोंडावर हात धरला तर आवाजच बदलतो. त्यासाठी पातळ कापड ताणलेली गोल चौकट वापरतात, किंवा बाजूला बसून बोलतात.
- चित्रातले शब्द मुलाला आधी माहीत होते का? माहीत नसलेला शब्द न ओळखणे ही ऐकण्याची चूक नाही. घरी अहिराणी, मालवणी, कोकणी किंवा हिंदी बोलत असाल तर ते आधीच सांगा.
- चित्रे किती होती? चारांतून एक निवडायचे असेल तर डोळे मिटूनही २५ टक्के बरोबर येतात, दोनांतून ५०.
- शब्द किती विचारले? दहांपैकी गेल्या वेळी पाच आणि या वेळी सात बरोबर आले, तर त्याला प्रगती म्हणता येत नाही, तो योगायोगही असू शकतो. शब्द जास्त हवेत किंवा चाचणी पुन्हा घ्यायला हवी.
- आवाजाची पातळी लिहिली आहे का? जवळ बसून मोठ्याने विचारलेल्या शब्दांवर मिळालेले ९० टक्के वर्गातल्या ऐकण्याबद्दल काही सांगत नाहीत.
- एकेका कानाची आणि दोन्ही कानांची वेगळी नोंद आहे का?

नुसते टक्के लिहून घेऊ नका, चुका लिहून मागा. मूल ‘सात’ला ‘हात’ म्हणते की ‘पान’ला ‘मान’, यावरून कोणत्या पट्ट्यात आवाज कमी पडतो ते कळते आणि यंत्र तेथे वाढवता येते. माझ्या मते या चुकांची यादी हा मुलाच्या फायलीतला सर्वांत उपयोगी कागद आहे, आणि तोच सर्वांत क्वचित आढळतो.

घरी रोज करायचे

सकाळी यंत्र लावल्यावर ‘लिंग’ (Ling) या चाचणीतले सहा ध्वनी म्हणा: आ, ऊ, ई, श, स, म. मुलाच्या मागे किंवा बाजूला बसा, नेहमीच्या आवाजात, अनियमित अंतराने म्हणा. लहान मूल थबकते का, वळते का ते पाहा, मोठ्याकडून उच्चारून घ्या. कालपर्यंत ‘स’ येत होता आणि आज येत नाही, तर बॅटरी, ओलावा, मोल्डमध्ये अडकलेला मळ किंवा सर्दीने मधल्या कानात भरलेले पाणी, यांपैकी काहीतरी आहे. यंत्र ऐकून पाहायची स्टेथोस्कोपसारखी नळी स्वस्तात मिळते, ती घ्याच. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवल्याशिवाय टिकत नाही.

यंत्र जागेपणी सर्व वेळ हवे. ज्यांची यंत्रे लक्ष्याशी ताडून पाहिली त्या अमेरिकेतल्या मुलांच्या अभ्यासात दिवसाला दहा तासांहून अधिक वापर असलेल्या मुलांची भाषा अधिक वेगाने वाढली. यंत्रात वापराच्या तासांची नोंद होत असते, आणि पालक सांगतात त्यापेक्षा ती बहुधा कमी निघते. प्रत्येक भेटीत ती पाहायला सांगा. मूल यंत्र उपटून टाकत असेल तर हट्टीपणा म्हणून रागावण्याआधी मोल्ड टोचतो का आणि कमाल आवाज जास्त तर नाही, हे तपासून घ्या.

शाळेत प्रश्न अंतराचा असतो. बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, आणि पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. पहिल्या बाकाने काही प्रमाणात भागते, शिक्षकांच्या गळ्यातल्या मायक्रोफोनने खूपच अधिक.

प्रगती दिसत नसेल तर

मुलाचे ‘श्रवणवय’ यंत्र नियमित लावल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणून दोन वर्षांच्या पण चार महिन्यांपूर्वी यंत्र बसवलेल्या मुलाकडून दोन वर्षांच्या बोलण्याची अपेक्षा धरू नका. पण चांगली जुळवणी, पूर्ण दिवस वापर आणि थेरपी असूनही तीन ते सहा महिन्यांत ध्वनी ओळखण्यात हालचाल नसेल, तर कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या उपकरणाचा, विचार पुढे ढकलू नका. दोन्ही कागद तयार असतील तर हा निर्णय अंदाजावर राहत नाही. मोजणीच न झालेल्या यंत्रावरून ‘मशीनचा उपयोग नाही, इम्प्लांट करा’ असे कोणी सांगत असेल, तर आधी मोजणी मागा. याला एक अपवाद आहे: मेनिंजायटिसनंतर ऐकू येणे गेले असेल तर आतल्या शंखात हाड भरून येण्याचा धोका असतो, आणि तेथे महिने नव्हे तर आठवडे महत्त्वाचे. तातडीने इम्प्लांट केंद्र गाठा.

हक्क, योजना आणि पावत्या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारितांमध्ये ६० ते ७० डेसिबल दोष असेल तर ‘ऐकण्यास कमी’ आणि ७० डेसिबलपासून पुढे ‘बधिर’ धरतात. बहुतेक सवलतींसाठी निदान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. येथे एक मोठी फसगत होते. ४५ किंवा ५० डेसिबल दोष असलेल्या मुलाला प्रमाणपत्र नाकारले जाते, आणि पालक समजतात की यंत्राचीही गरज नाही. प्रमाणपत्र सवलतीसाठी असते, यंत्राची गरज ऑडिओग्रॅम ठरवतो. ५० डेसिबल दोषाच्या मुलाचे नेहमीच्या बोलण्यातले कितीतरी ध्वनी हरवतात.

- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके) या २०१३ पासूनच्या कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांत जाणारी पथके ऐकण्याची तपासणी करतात आणि जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. त्या चिठ्ठीची प्रत जपून ठेवा.
- दिव्यांगांना साधने पुरवणाऱ्या केंद्राच्या एडीआयपी योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत श्रवणयंत्र विनामूल्य किंवा सवलतीत मिळते, आणि पात्र लहान मुलांना इम्प्लांटसाठीही मदत आहे. मर्यादा बदलत असतात, अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे नियम विचारा. विनामूल्य मिळालेले यंत्रही मोजून घेण्याचा हक्क तुम्हाला तितकाच आहे.
- समग्र शिक्षा अभियानातून शाळेतल्या मुलांना साधने मिळतात. मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना लेखी कळवा.
- ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्याच अधिनियमाच्या कलम ३१ मध्ये आहे.

यंत्र बसवणाऱ्या व्यक्तीचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विक्रेत्याकडचा मदतनीस ऑडिओलॉजिस्ट असेलच असे नाही. बिलावर दोन्ही यंत्रांचे अनुक्रमांक, वॉरंटीची मुदत आणि किती जुळवण्या किमतीत आहेत हे लिहून घ्या. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, तो लावलेला दिसला तर लगेच विचारा. विकत घेण्याआधी ट्रायल मागा आणि ट्रायलच्या शेवटी वर सांगितलेले दोन्ही कागद मागा. ऑनलाइन मागवलेल्या, कोणीही न जुळवलेल्या यंत्रात मुलाचा वेळ घालवू नका. पैसे घेऊन सेवा नाकारली गेली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.